आर्डिसबाईंचं खेचर आणि सव्वीस हजार पौंड

खोटं बोलण्याचा धंदा मी युमा गावात तीस वर्षं केला आणि त्याचा पगारही घेतला. मोटरहोम विकायचो. म्हणजे चाकांवरचं घर: पुढं स्टिअरिंग, मागं पलंग, मधे शेगडी, संडास आणि दर शंभर मैलांना एक भांडण. निवृत्त झाल्यापासून खोटं फुकट बोलतो. पण आर्डिसबाईंच्या खेचराची ही गोष्ट मी जवळजवळ खरी सांगणार आहे, कारण बाई अजून हयात आहेत आणि त्यांचा नेम चांगला आहे.

आर्डिस टोलेफसन, वय त्र्याहत्तर. नॉर्थ डकोटात चौतीस वर्षं शाळेची बस चालवली. तिकडची थंडी अशी, की सकाळी सावली जमिनीला चिकटायची ती दुपारपर्यंत सुटायची नाही. पोरं सावलीशिवायच बसमध्ये चढायची आणि परत येताना आपापली सावली उचलून घरी न्यायची. नवरा गेल्यावर बाई त्या थंडीला कंटाळल्या आणि खाली ॲरिझोनाच्या वाळवंटात आमच्या तळावर आल्या. आमच्या तळाचं नाव ड्राय बकेट. चाळीसेक म्हातारे, जवळजवळ तेवढीच मोटरहोमं, आणि पाण्याचा नळ चौदा मैलांवर.

बाई एकट्या आल्या नव्हत्या. सोबत डीकन होता. डीकन म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं खेचर, वय सव्वीस, वजन नऊशे ऐंशी पौंड, स्वभाव मामलेदाराचा. तळावर कुणाचंही भांडण झालं की तो कान मागं टाकून दोन्ही बाजू ऐकून घ्यायचा आणि मग जिच्याकडं पाठ करायचा ती बाजू हरली असं आम्ही धरायचो.

एप्रिल संपला की आमच्या तळावर कुणी राहत नाही. उन्हाळा असा, की सरडेसुद्धा पोटाखाली छोटा दगड धरून चालतात, उभं राहायला थंड जागा हवी म्हणून. मग सगळे डोंगरात जातात. आर्डिसबाई दरवर्षी डीकनला ट्रेलरमध्ये घालून व्हाइट माउंटन्समध्ये न्यायच्या. तिथं आठ हजार फुटांवर भाड्यानं घेतलेलं एक कुरण होतं. मे ते सप्टेंबर खेचर चरायचं, बाई मासे धरायच्या, आणि दोघंही माणसांपासून लांब राहायचे.

त्या वर्षी फेब्रुवारीत घोडं पेंड खायला लागलं. ट्रेलर ओढणारा त्यांचा जुना पिकअप मेला, आणि ज्या तंबूवजा डब्यात त्या राहायच्या त्याची पायरी तुटून त्यांचं मनगट मोडलं. तेव्हा मेसा शहरातून त्यांचा मुलगा क्रेग आला.

क्रेग विमा कंपनीत होता. कुठल्या गोष्टीनं माणूस किती वेळा मरतो हे त्याला पाठ. मुलगा चांगला, पण पायरी दिसली की तिचं मोजमाप घ्यायचा.

"आई," तो म्हणाला, "मेसात माझ्या शेजारी एक फ्लॅट बघून ठेवलाय. तळमजला. तरी लिफ्ट आहे."

"तळमजल्याला लिफ्ट कशाला?"

"सोय म्हणून. आणि डीकनसाठी एक माणूस बघितलाय. मुलांना फेऱ्या मारून आणतो. प्रेमळ आहे."

"डीकनच्या पाठीवर शेवटचं पोर बसलं तेव्हा ते पोर शेजारच्या काउंटीत सापडलं होतं."

"आई, विषय बदलू नकोस. पिकअप गेला. हात मोडला. तू एकटी त्या खेचराला घाटातून वर नेणार कशी?"

बाई काही वेळ प्लॅस्टरखाली खाजवत राहिल्या. त्या कामासाठी त्या फूटपट्टी वापरायच्या. मग म्हणाल्या, "मी एक मोटरहोम घेते. त्यालाच ट्रेलर जोडते. घरही तेच, पिकअपही तेच. मेच्या पहिल्या शनिवारपर्यंत डीकनला माझ्या हातानं कुरणावर पोचवलं, तर फ्लॅटचं नाव काढायचं नाही. कायमचं."

"आणि नाही पोचवलं तर?"

"तर लिफ्टनं तळमजल्यावरून तळमजल्यावर जाईन."

क्रेग विम्याचा माणूस, त्यानं कलमं घातली. घाट चढताना दुसऱ्या कुणाच्या गाडीनं ओढायचं नाही. आणि गाडीवर कंपनीनं जो वजनाचा आकडा दिलेला असेल, त्याच्या वर एक पौंडही न्यायचा नाही; सरकारी काट्यावर तोलून, पावती दाखवून. "इन्शुरन्स तुला त्या आकड्यापर्यंतच मानतो, आई," तो म्हणाला. "पुढं तो तुला ओळखत नाही." बाईंनी डाव्या हातानं हात मिळवला. साक्षीदार मी.

आम्ही तिघं दुकानात गेलो. मी तीस वर्षं जिथं होतो ते नव्हे; तिथं माझं नाव काढलं की अजून दोन माणसं खुर्चीवरून उठतात. विक्रेता ब्रॅडी नावाचा तरुण होता. त्याचे दात इतके पांढरे, की त्याच्याशी बोलताना मी टोपी पुढं ओढून घेतली.

त्यानं आधी अडतीस फुटी मोटरहोम दाखवलं. आत खोटी शेकोटी, बर्फ करायचं यंत्र, दोन टीव्ही, आणि तिसरा टीव्ही बाहेरच्या अंगाला, म्हणजे निसर्गात बसून बघायला.

"ट्रेलर ओढायचाय ना, मॅडम?" ब्रॅडी मागं गेला आणि लोखंडी हुकावर टिचकी मारली. "हे बघा, कोरलेलंच आहे. आठ हजार पौंड. तुमचं खेचर, त्याची मामी, मावशी, सगळे ओढेल."

आर्डिसबाई वाकल्या. आकडा वाचला. "हे हूक म्हणतो."

"हो."

"हूक आपल्या ताकदीचं सांगतो. गाडी काय म्हणते?"

ब्रॅडीचे दात थोडे झाकले गेले. मला त्या पोराची दया आली; तीस वर्षांत मला हा प्रश्न दोनदाच विचारला गेला होता, आणि दोन्ही वेळा मी जेवायला निघून गेलो होतो.

"ड्रायव्हरच्या दाराच्या आत एक पाटी असते," बाई म्हणाल्या. "ती वाच."

पाटीवर लिहिलं होतं: घर आणि त्याच्यामागं जे काही असेल ते, सगळं मिळून सव्वीस हजार पौंड. बाईंनी किराणाच्या कागदी पिशवीवर पेन्सिलीनं हिशोब मांडला. ट्रेलर, डीकन, चारा, खोगीर मिळून साडेचार हजार. म्हणजे घरानं सामान आणि माणसांसकट साडेएकवीस हजारांत मावायला हवं.

"आणि हे घर रिकामं किती आहे?"

"एकवीस हजार दोनशे," ब्रॅडी हळूच म्हणाला.

"म्हणजे मी आत बसून एक ओव्हन भरून जेवण केलं की खेचरानं खाली उतरायचं. नाकापेक्षा मोती जड. पुढचं दाखव."

क्रेगला डिझेलचं हवं होतं. "आई, डिझेलला ताकद असते. घाटात उतरताना इंजिनच ब्रेक लावतं."

"खरं आहे. आणि किंमत दुप्पट. शिवाय डिझेल बंद पडलं की मोठ्या शहरातला शहाणा शोधावा लागतो. पेट्रोलचं इंजिन कुठल्याही गावात कुणाचा तरी मेहुणा दुरुस्त करतो. मी राहते ती गावं मेहुण्यांची आहेत."

मग बाईंनी पेट्रोलच्या गाड्यांची रांग धरली आणि जे केलं ते बघायला दुकानाचा मालक बाहेर आला. त्यांनी एकाही गाडीचं दार उघडलं नाही. प्रत्येकीच्या मागच्या चाकापासून शेपटापर्यंत टाचेला चवडा लावत पावलं मोजली. दहा पावलं भरली की पुढं. "चाकामागं शेपूट लांब असलं," त्या म्हणाल्या, "की ट्रेलर घराला हलवतो. मी कुत्र्याला शेपटानं हलवलेलं बघितलंय, परत बघायचं नाही." सात पावलांची एक सापडली, तेव्हा त्यांनी ब्रॅडीला गाडीखाली झोपवलं.

"काय दिसतं?"

"गंज नाही, मॅडम. एक उंदराचं घरटं आहे."

"उंदीर आहे?"

"आहे."

"मग गाडी चालू स्थितीत आहे. उंदीर बंद गाडीत राहत नाहीत."

अकरा वर्षं जुनं, एकतीस फुटी, पेट्रोलचं. आत तपकिरी सोफा, एक आरामखुर्ची, एक टेबल. इंजिन दोन्ही सीटांच्या मधोमध एका पेटीखाली. पाटीवर तेच सव्वीस हजार, पण रिकामं वजन वीसच्या आत. चालवून बघताना इंजिन इतकं गरम झालं, की बाईंनी पेटीवर सँडविच ठेवलं आणि दुकानात परत येईपर्यंत चीज वितळलं होतं. ब्रॅडीनं ते विक्रीच्या कागदात सुविधा म्हणून लिहिलं. बाईंनी खोडलं नाही.

कागदी पिशवीवरचा हिशोब पक्का झाला. सगळं मिळून पंचवीस हजार नऊशे चाळीस. साठ पौंड शिल्लक. क्रेगनं तीनदा बेरीज तपासली आणि चेहरा पाडला. बाईंनी पिशवी घडी करून पर्समध्ये ठेवली.

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं झालं. पुढचं आमच्या तळामुळं झालं.

ड्राय बकेटमध्ये एक रिवाज आहे. नवी गाडी घेऊन कुणी तळ सोडला, तर प्रत्येकानं त्या गाडीच्या तळकप्प्यात, म्हणजे घराच्या पोटाखाली सामानाची जी कपाटं असतात त्यांत, गुपचूप एक भेट ठेवायची. ज्याची गाडी त्यानं पहिल्या मुक्कामापर्यंत बघायचं नाही, बघितलं तर अपशकुन. पूर्वी लोक मुरंब्याच्या बाटल्या ठेवायचे. पण आमच्या तळावर सगळ्यांना एकच नाद आहे, दगड गोळा करायचा. जास्पर, गारगोट्या, दगड झालेली लाकडं. आणि प्रत्येकाची गाडी दगडांनी इतकी टेकलेली, की दुसऱ्याची रिकामी कपाटं दिसली की उदारपणाची लाट येते. मीही एक ठेवला. छोटाच. दोघांनी उचलला.

शिवाय मी स्वतःही ठेवला गेलो. वर जाताना सोबत कुणी हवं म्हणून मी आपण होऊन सीटवर जाऊन बसलो. बाई म्हणाल्या, "मर्ल, तू पिशवीत नाहीस."

"कुठल्या पिशवीत?"

"हिशोबाच्या." पण उतर म्हणाल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी निघालो. मागून क्रेग त्याच्या छोट्या, आवाज न करणाऱ्या गाडीतून. घाटाच्या पायथ्याशी ट्रकवाल्यांचा थांबा आहे, तिथंच वजनकाटा. घाटाचं नाव प्रीचर्स नी, पाद्र्याचा गुडघा; तिथं लोक ज्या स्थितीत वर पोचतात त्यावरून पडलेलं. बाईंनी गाडी आणि ट्रेलर सरळ काट्यावर घेतला. खिडकीतून पावती आली.

क्रेगनं वाचली. दोनदा वाचली. "सत्तावीस हजार चारशे."

आर्डिसबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि माझ्याकडं बघितलं. "मर्ल, भेटी काय आहेत?"

"बघितल्यानं अपशकुन..."

"मर्ल."

मी कपाटं उघडली. सहाशे पौंड दगड निघाले. तीन बाटल्या मुरंबाही होता, रिवाज पाळणारा कुणीतरी असतोच. माझा दगड खाली ठेवताना क्रेगनं मदत केली आणि विचारलं, "हा कुणाचा मूर्खपणा?" मी म्हणालो, चिठ्ठी दिसत नाही. थांब्याच्या मालकाला ते दगड इतके आवडले, की त्यानं पेट्रोलपंपापासून रस्त्यापर्यंत दुतर्फा लावले.

परत काटा. सव्वीस हजार आठशे.

सोफा गेला, आरामखुर्ची गेली, टेबल गेलं. ते सगळं थांब्याच्या व्हरांड्यात मांडलं. एकशे ऐंशी पौंड. काट्यावर सव्वीस हजार सहाशे वीस. "आता तू," बाई मला म्हणाल्या. मी दोनशे चाळीस भरलो, जे मला मान्य नाही, पण काटा सरकारी होता. सव्वीस हजार तीनशे ऐंशी.

अजून तीनशे ऐंशी पौंड जास्त. आणि घरात काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाईंनी पडदे काढले, भांडी काढली, परत लावली. त्यांत दहा पौंडसुद्धा नव्हते. पर्समधून कागदी पिशवी काढली आणि ट्रेलरच्या सावलीत उकिडव्या बसून ओळीमागून ओळ पेन्सिल फिरवली. प्रत्येक ओळ बरोबर होती. बस चालवताना चौतीस वर्षांत एकही पोर मोजण्यात चुकलं नव्हतं, आणि इथं पिशवीत नसलेलं पोर कुठून चढलं ते सापडत नव्हतं.

काढण्यासारखी एकच गोष्ट होती. ती ट्रेलरच्या जाळीतून कान मागं टाकून आमच्याकडं बघत होती.

"आई," क्रेग म्हणाला, आणि त्याचा आवाज मला वाटला होता तसा जिंकलेला नव्हता. "राहू दे आता."

"शनिवार उद्या आहे. अजून संपलेला नाही."

"गाडीत काढायला काही नाही."

"डीकनला पाणी पाज. तहानलाय. बोलत बसू नकोस."

क्रेग बादली घेऊन गेला. मोटरहोमच्या कुशीला बाहेरून एक नळ असतो, त्याखाली बादली भरली, ट्रेलरपर्यंत नेली. डीकननं एका दमात संपवली. दुसरी नेली. तीही. तिसरी नेताना पोरगा मधेच थांबला. बादली खाली ठेवली. खांदा चोळला. बादलीकडं बघितलं. मग वळून त्या नळाकडं बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिला.

मी व्हरांड्यात सोफ्यावर बसून हे सगळं बघत होतो. तीस वर्षं गिऱ्हाइकांचे चेहरे वाचलेत. माणसाला काहीतरी कळलं आणि ते सांगावं की नाही असं झालं, की त्याचे कान आधी लाल होतात. क्रेगचे झाले. त्यानं आईकडं बघितलं. ती अजून पेन्सिल घेऊन बसली होती. प्लॅस्टर निघालेलं मनगट दुसऱ्या हातात धरलं होतं, दुखत असावं. तो आपल्या गाडीत जाऊन बसला. दार उघडंच. मला वाटलं, खेचरवाल्या प्रेमळ माणसाला फोन लावतोय.

पाचेक मिनिटांनी तो परत आला.

"आई, टाकीत पाणी किती आहे?"

"भरलेली आहे," बाई मान वर न करता म्हणाल्या. "हा काय प्रश्न झाला."

"भरलेली म्हणजे किती?"

"पंचाहत्तर गॅलन. आणि गरम पाण्याच्या टाकीत दहा..." पेन्सिल थांबली.

"बादलीत पाच गॅलन मावतात. ती चाळीस पौंड भरते. माझा खांदा सांगतोय."

ज्यानं आमच्या तळावर एक हिवाळा काढलाय त्यालाच हे समजेल. नळ चौदा मैलांवर असला, की भरलेली टाकी हे सामान नसतं. रिकाम्या टाकीनं तळ सोडणं म्हणजे पँट न घालता चर्चला जाणं. बाईंनी चारा मोजला होता, खोगीर मोजलं होतं, माशांचे गळ मोजले होते. पाणी मोजायचं असतं हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नसतं. आणि आम्ही ते घेऊन निघालो होतो कुठं, तर जिथं कुरणाच्या कडेनं बर्फाचं पाणी वाहतं तिथं.

बाई उठल्या. लेकासमोर उभ्या राहिल्या. "तुला कळलं तेव्हा गप्प बसला असतास तर उद्या फ्लॅटची किल्ली माझ्या हातात होती."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय. खोटी पावती मी ऑफिसातसुद्धा चालू देत नाही." एवढं बोलून तो बादली उचलायला गेला, आणि डीकननं त्याला ती उचलू दिली.

आता साध्या माणसानं टाकीची तोटी उघडली असती आणि पाच मिनिटांत पाणी मातीत गेलं असतं. वाळवंटात पाणी मातीत ओतणारा माणूस मी अजून बघितला नाही. आर्डिसबाईंनी थांब्यावर आरोळी ठोकली, की फुकट पाणी आहे, भांडी आणा. ट्रकवाले कॅन घेऊन आले. दोन पूडल कुत्री बाळगणारी एक ट्रकवाली आली. कुत्र्यांना आंघोळ घातली, ती आत मांजरं निघाली. एका म्हाताऱ्यानं रेडिएटर भरून घेतला. मी स्वतः त्या दिवशी दोन आंघोळी केल्या. तळावर आम्ही दोन कपांत आंघोळ करतो, तिसरा कप घेणाऱ्याबद्दल लोक बोलतात. पहिल्या आंघोळीनंतर मी इतका उजळलो, की दुसरी माझीच आहे यावर कुणाचा विश्वास बसेना.

टाकी खणखणीत रिकामी झाली. सगळं मिळून सहाशे वीस पौंड उतरले. काट्यावर पंचवीस हजार सातशे साठ.

"दोनशे चाळीसची जागा झाली," बाई म्हणाल्या. "सोफा परत घेता येईल."

"किंवा मी," मी म्हणालो.

त्यांनी मला शोभणार नाही इतका वेळ विचार केला. पण सोफ्यावर एव्हाना तीन ट्रकवाले झोपले होते, आणि क्रेगनं आधीच सांगून टाकलं, "मर्लकाकांना मी माझ्या गाडीत घेणार नाही. ते बोलतात." म्हणून मी चढलो. शेवटची पावती आली. सव्वीस हजार. वर एक नाही, खाली एक नाही.

"बरोबरीत आहे," क्रेग म्हणाला.

"बरोबरी म्हणजे वर नव्हे."

त्यानं पावती घडी करून खिशात ठेवली.

शनिवारी पहाटे आम्ही पाद्र्याच्या गुडघ्याला लागलो. डिझेल चढावर कण्हतं, पेट्रोल ओरडतं. नवखा माणूस तो आवाज ऐकून पाय उचलतो, आणि मग गाडी जी मान टाकते ती टाकते. बाईंनी खालचा गिअर धरला आणि पाय रोवला. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा साडेचार हजारांवर. मधल्या पेटीखालचं इंजिन असं किंचाळत होतं, की माझा डावा कान गुरुवारपर्यंत परत आला नाही. ताशी बावीस मैल. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. मग एक फुलपाखरू गेलं, आणि जाताना त्यानं वळून बघितलं. पेट्रोलचा काटा इतक्या वेगानं खाली चालला होता, की त्याच्यामुळं वारा लागत होता.

क्रेगचा फोन आला. बाईंनी तो पेटीवर ठेवला, मोठ्या आवाजावर.

"आई, इंजिन फुटतंय. मला काचा बंद करून ऐकू येतंय."

"फुटत नाही, गातंय. पाणी, तेल, उष्णता, सगळे काटे जागेवर आहेत. तू अंतर ठेव, डीकनला मागून कुणी चिकटलेलं आवडत नाही."

"आई, थांबून थंड करूया का?"

"थांबलं की परत निघणार नाही. बसमध्ये चाळीस पोरं एकदम रडायची, मी कधी थांबले का?"

"मी त्यातलंच एक होतो," फोनमधून आलं. बाईंचा पाय अर्धा इंच आणखी खाली गेला.

तुमच्यापैकी काहींना वाटत असेल, की आता इंजिन मरणार आणि खेचर उतरून गाडी ओढणार. मीही ही गोष्ट दोनदा तशी सांगितली आहे. पण डीकनला अक्कल होती. तो आत उभा राहून गवत खात होता, आणि प्रत्येक वळणाला आपलं वजन आतल्या बाजूला टाकत होता, जे मी बऱ्याच माणसांना करताना बघितलं नाही.

साडेनऊला माथा आला. आवाज एकदम बसला. हवा गार. देवदारांच्या खाली अजून बर्फाचे तुकडे होते. अकराला कुरणावर पोचलो. क्रेग आपल्या गाडीतून उतरला, पावती काढली, तिच्यावर तारीख आणि वेळ लिहिली आणि आईच्या हातात दिली.

"फ्लॅटचं नाव काढणार नाही," तो म्हणाला.

"बरं."

"पण मनगटाला डॉक्टरकडं..."

"ते काढ. मनगटावर आपली पैज नव्हती."

दोघं तसेच उभे राहिले, कुठं बघावं ते न कळून. मीही आकाश बघितलं. मग बाईंनी गाडीची किल्ली त्याच्याकडं टाकली.

"ट्रेलर झाडाखाली मागं घे. रिव्हर्स."

"मी? मला येत नाही."

"म्हणूनच. मी मागं उभी राहून हात दाखवते."

ट्रेलर मागं घेणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. चाक डावीकडं फिरवलं की तो उजवीकडं जातो, आणि आमच्या तळावर त्यावरून चार लग्नं मोडली आहेत. आर्डिसबाई झाडाशी उभ्या राहिल्या, दोन्ही हात वर करून.

"डावीकडं. नाही, माझ्या डावीकडं. अरे, तुझ्या."

"आई, एक काय ते सांग."

"थांब. पुढं जा. परत ये. बस चालवणाऱ्या बाईच्या पोटचा ना तू?"

"मी दत्तक असेन."

"मी बाळंतपणाला हजर होते. ये मागं."

पहिल्यांदा तो झाडाच्या पलीकडं गेला. दुसऱ्यांदा झऱ्यात. पाचव्या खेपेला डीकननं ट्रेलरच्या जाळीतून डोकं काढून एकदा ओरडून मत नोंदवलं. अकराव्या खेपेला ट्रेलर सावलीत येऊन थांबला, रस्त्याच्या एक चतुर्थांश आडवा, एक चाक मुळावर चढलेलं. क्रेग घामानं निथळत खाली उतरला आणि झालेलं काम लांबून बघितलं.

"तिरका आहे," तो म्हणाला.

"आहे," बाई म्हणाल्या.

"सरळ करू?"

"कशाला. आहे तसा चांगला आहे."

सप्टेंबरात मी परत गेलो तेव्हाही तो तिरकाच उभा होता, आणि त्याच्यामागं क्रेगची ती आवाज न करणारी छोटी गाडी. बाईंना विचारलं, सरळ का करून घेत नाही, दोन मिनिटांचं काम आहे. त्या माशाचे खवले काढत होत्या. म्हणाल्या, "दर दुसऱ्या शनिवारी तोच येऊन म्हणतो, आज सरळ करून देतो. मी म्हणते, आज नको."